ड्रेन लाल, पण रक्त नाही: हायड्रॉक्सोकोबालामिन दिलेल्या रुग्णाचं डायलिसिस कसं करायचं

रात्री पावणेदोनला फोन वाजला. आमच्या युनिटमध्ये काम शिकलेली आणि आता आखातातल्या एका रुग्णालयात डायलिसिस टेक्निशियन असलेली मुलगी बोलत होती. "दादा, तिसऱ्यांदा ब्लड लीकचा अलार्म आलाय. डायलायझर बदलला, मशीन बदललं, तरी तेच. पोटॅशियम वाढत चाललंय."

मी विचारलं, पेशंट कुठून आलाय?

"आगीतून. गोदामात बेशुद्ध सापडला होता."

लघवीचा रंग?

ती क्षणभर थांबली. "होती तेवढी बीटासारखी लाल. आम्ही मायोग्लोबिन धरून चाललो होतो." (मायोग्लोबिन म्हणजे इजा झालेल्या स्नायूंतून सुटणारं लाल प्रथिन.)

मी तिला आयसीयूचा औषधांचा चार्ट उघडायला सांगितलं. इमर्जन्सीतल्या नोंदींमध्ये, सगळ्यात वर, एक ओळ होती: हायड्रॉक्सोकोबालामिन ५ ग्रॅम, शिरेतून. सायनाइडच्या विषबाधेवरचं लाल औषध. तोवर दोन डायलायझर आणि त्यातलं रक्त कचऱ्यात गेलं होतं.

हा लेख त्या रात्रीसाठी लिहिलाय. टेक्निशियन, डायलिसिस नर्स आणि आयसीयूतले निवासी डॉक्टर यांच्यासाठी. उपचाराचा निर्णय नेफ्रॉलॉजिस्टचाच, पण अलार्म वाजतो तेव्हा मशीनजवळ आपण उभे असतो आणि पहिली पाच मिनिटं आपल्याच हातात असतात.

अलार्म नेमकं काय बघतो

डायलायझर म्हणजे रक्त गाळणारा फिल्टर: त्याच्या पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूने डायलायसेट, म्हणजे रक्तातला कचरा वाहून नेणारा क्षारांचा द्रव. डायलायझरमधून बाहेर पडलेला डायलायसेट ड्रेनकडे जाताना एका पारदर्शक नळीतून जातो. नळीच्या एका बाजूला दिवा असतो, समोर सेन्सर. डायलायसेट स्वच्छ असला की प्रकाश आरपार जातो. रक्त मिसळलं की हिमोग्लोबिन त्यातला काही प्रकाश शोषतं, सेन्सरपर्यंत कमी पोहोचतो आणि मशीन ठरवतं की पडदा फाटला. ब्लड पंप थांबतो, व्हेनस क्लॅम्प बंद होतो, यूएफ (शरीरातलं जादा पाणी काढणं) थांबतं.

हा सेन्सर फार बारीक असतो, आणि तसा तो असायलाच हवा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ३२ टक्के असताना मिनिटाला ०.३५ मिलि रक्त गळलं तरी अलार्म वाजला पाहिजे. डायलायसेट मिनिटाला ५०० मिलि वाहत असेल तर हे प्रमाण साधारण चौदाशे भागांत एक भाग इतकं होतं. एवढी गळती नुसत्या डोळ्याला जाणवेलच असं नाही. पण चार तास चालू राहिली तर ८४ मिलि रक्त जातं, आणि फाटलेल्या पडद्यातून डायलायसेटमधली घाण रक्तात येण्याचा धोका वेगळाच.

सेन्सरला रक्त ओळखता येत नाही हे मात्र पक्कं लक्षात ठेवायला हवं. त्याला फक्त समोरून किती प्रकाश आला एवढंच कळतं. प्रकाश कशाने अडवला, हे शोधणं माणसाचं काम.

औषध पडद्यापलीकडे जातं कसं

हायड्रॉक्सोकोबालामिन म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाचंच एक रूप. त्याच्या रेणूत कोबाल्ट असतो आणि तो सायनाइडला घट्ट धरून ठेवतो. म्हणून सायनाइडच्या विषबाधेवर ते उतारा म्हणून देतात. अमेरिकेत ५ ग्रॅमच्या सायनोकिटला डिसेंबर २००६मध्ये मान्यता मिळाली. बाटलीतली लाल पूड २०० मिलि सलाइनमध्ये विरघळवून १५ मिनिटांत देतात, गरज पडली तर आणखी ५ ग्रॅम. फोम, नायलॉन, लोकर जळल्यावर धुरात सायनाइड असतं, त्यामुळे बंद जागेतल्या आगीतून काढलेल्या माणसाला हे औषध मिळालेलं असण्याची शक्यता मोठी. सोन्याचांदीच्या मुलाम्याच्या कामात सायनाइडचे क्षार वापरतात, तिथले रुग्णही असतात. शिवाय मोठ्या हृदयशस्त्रक्रियेनंतर रक्तवाहिन्या सैल पडून बीपी काही केल्या वर येत नाही, तेव्हा काही ठिकाणी हेच औषध देतात. म्हणजे आगीचा काहीच संबंध नसलेला कार्डिअॅक आयसीयूतला पेशंटही या यादीत येतो.

आता डायलायझरच्या खोक्यातलं माहितीपत्रक आठवा. क्लिअरन्सच्या (कोणता पदार्थ रक्तातून किती वेगाने निघतो त्याच्या) तक्त्यात युरिया, क्रिएटिनिन, फॉस्फेट आणि त्याखाली बहुतेक वेळा व्हिटॅमिन बी-१२. मध्यम आकाराचे रेणू पडद्यातून किती जातात हे दाखवायला कंपन्या वर्षानुवर्षं बी-१२च वापरत आल्यात. हायड्रॉक्सोकोबालामिनचं वजन सुमारे १,३४६ डाल्टन, हिमोग्लोबिनचं सुमारे ६४,५००. चांगल्या पडद्यातून हिमोग्लोबिन जात नाही, हे मात्र सहज जातं. म्हणजे पडदा अगदी व्यवस्थित काम करत असतो, आणि करतो म्हणूनच लाल रंग पलीकडे येतो. हिमोग्लोबिन जो हिरवट प्रकाश शोषतं, त्याच्या आसपासचाच प्रकाश हे औषधही शोषतं. सेन्सर फसणारच.

औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातही स्पष्ट इशारा आहे की या रंगामुळे हिमोडायलिसिस मशीन चुकून ब्लड लीक समजून बंद पडू शकतं. पण तो कागद इमर्जन्सीतल्या खोक्यासोबत राहतो, डायलिसिस युनिटपर्यंत येत नाही. माझ्या मते खरी गळती इथेच होते.

सुरू करण्याआधी

आयसीयूतून डायलिसिसचा कॉल आला की मी आता चार प्रश्न विचारतो: पेशंट आगीतून किंवा विषबाधेतून आलाय का, हृदयशस्त्रक्रिया झालीय का, हायड्रॉक्सोकोबालामिन दिलंय का आणि कधी, लघवी आणि त्वचा लाल दिसतेय का. गेल्या २४ तासांचा चार्ट बघून थांबू नका. या औषधाचं रक्तातलं अर्धायुष्य २६ ते ३१ तास आहे. त्वचेची लाली दोन आठवड्यांपर्यंत टिकते, लघवीची पाच आठवड्यांपर्यंत. किडनी बंद असेल तर औषध आणखी रेंगाळणार. अलार्म चौथ्या-पाचव्या दिवशीही येऊ शकतो, आणि तोवर इमर्जन्सीतली नोंद फाइलच्या तळाशी गेलेली असते.

आणखी एक गोष्ट. हे औषधच किडनीला त्रास देऊ शकतं. त्यानंतर लघवीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, किडनी निकामी होणं आणि डायलिसिसची गरज पडणं, हे सगळं नोंदलं गेलंय. म्हणून औषध दिल्यावर सात दिवस किडनीच्या तपासण्या करत राहायला सांगतात. अशा रुग्णाची आणि आपली गाठ पडणं हा निव्वळ योगायोग नसतो.

उत्तर 'हो' आलं तर पेशंट जोडण्याआधीच नेफ्रॉलॉजिस्ट आणि बायोमेडिकल इंजिनिअरशी बोलून घ्या. इंजिनिअरला एकच विचारा: या मशीनचा ब्लड लीक सेन्सर कुठल्या रंगाच्या प्रकाशावर चालतो? सगळ्या मशिनांचे सेन्सर सारखे नसतात. एकाच युनिटमधलं एक मशीन सारखं अडेल आणि दुसरं निमूट चालेल, असं होऊ शकतं. हे उत्तर दुपारी शांतपणे मिळवून मशीनवर स्टिकर लावून ठेवलं तर रात्री कुणाला उठवावं लागत नाही.

आणि सेल्फ टेस्ट पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. टेस्टच्या वेळी सेन्सरसमोरून कोरा डायलायसेट गेलेला असतो. लाल रंग पेशंट जोडल्यावर येतो.

अलार्म वाजल्यावर

पहिल्यांदा पेशंटकडे बघा. छातीत किंवा पाठीत दुखतंय का, दम लागलाय का, बीपी कसं आहे. मग व्हेनस लाइनमधलं, म्हणजे पेशंटकडे परत जाणाऱ्या नळीतलं रक्त. ते नेहमीसारखं अपारदर्शक आहे, की काचेतून दिसावं तसं आरपार, गडद वाइनच्या रंगाचं? तसं असेल तर हिमोलिसिसची (लाल पेशी फुटण्याची) शंका घ्या. क्लॅम्प बंद ठेवा, रक्त परत देऊ नका, डॉक्टरांना बोलवा. हायड्रॉक्सोकोबालामिन दिलंय एवढ्यावरून हिमोलिसिस नाही असं ठरत नाही, आणि अशा रुग्णाचा प्लाझ्मा मुळातच लाल असतो, त्यामुळे इथे फसायला फार सोपं आहे. शंका असेल तर हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम लगेच पाठवा.

पेशंट ठीक असेल तर डायलायझरमधून बाहेर जाणाऱ्या नळीतला डायलायसेट घ्या. ड्रेनच्या टोकाकडून घेऊ नका, तिथे जंतुनाशकाचा अंश असू शकतो आणि ब्लीचमुळे रक्त ओळखणारी स्ट्रिप खोटी पॉझिटिव्ह येते. दोन स्वच्छ टेस्ट ट्यूब भरा, प्रत्येकी दहा मिलि. एक पांढऱ्या भिंतीसमोर धरा. औषध असेल तर रंग पातळ कोकम सरबतासारखा दिसतो, एकसारखा आणि पारदर्शक. ताज्या रक्ताची गळती असेल तर द्रव किंचित गढूळ दिसतो. पण रंगावर निकाल देऊ नका, रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये माझाही अंदाज चुकलाय.

स्ट्रिप, आणि त्याहून भरवशाची ट्यूब

नेहमीचा नियम आपल्याला तोंडपाठ असतो: अलार्म आला, स्ट्रिप लावा, पॉझिटिव्ह तर गळती, निगेटिव्ह तर खोटा अलार्म. या रुग्णात तो नियम तसाच चालत नाही. रक्त ओळखणाऱ्या स्ट्रिपवर आपण रंगच वाचत असतो आणि नमुना आधीच लाल असतो. लघवीच्या स्ट्रिपवर हे औषध रक्तपेशी खोट्या पॉझिटिव्ह दाखवू शकतं, हे नोंदलेलं आहे. उलट बाजूने, रुग्णाला व्हिटॅमिन सी मोठ्या डोसमध्ये चालू असेल तर काही स्ट्रिप खोट्या निगेटिव्ह येतात, आणि आयसीयूत सेप्सिसच्या रुग्णांना ते कधीकधी दिलेलं असतं. स्ट्रिप जरूर लावा, निकाल लिहून ठेवा, पण शेवटचा शब्द तिचा मानू नका.

दुसरी ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये टाका. लघवीच्या तपासणीला फिरवतात तशी, पाच मिनिटं. डायलायसेट रक्ताला मानवेल अशाच क्षारांचा असल्यामुळे गळलेल्या लाल पेशी त्यात बऱ्यापैकी शाबूत राहतात आणि तळाशी बसतात. किती बसतील? अलार्मच्या सीमारेषेवरची, म्हणजे मिनिटाला ०.३५ मिलि गळती धरली तर दहा मिलि नमुन्यात पेशींचा गाळ जेमतेम दोन मायक्रोलिटर होतो, टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका. म्हणून तळ बोटाने झाकला जाणार नाही अशी ट्यूब धरा आणि उजेडासमोर नीट बघा. वरचा द्रव स्वच्छ आणि तळाशी ठिपका असेल तर ते रक्त आहे. फिरवल्यावरही सगळी ट्यूब वरपासून खालपर्यंत तशीच लाल आणि तळ रिकामा असेल तर तो रंग औषधाचा. औषधाचा लाल द्रव आणि शिवाय तळाशी ठिपका, म्हणजे दोन्ही एकदम. पडदा फाटलाय आणि औषधाने तो लपवलाय. हीच शक्यता मला सगळ्यात जास्त धास्तावते.

लॅब जवळ असेल तर तळाचा एक थेंब स्लाइडवर घेऊन लाल पेशी दिसतात का ते बघायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते पाहिल्यावर वाद उरत नाही.

त्या रात्री फोनवर मी हेच सांगितलं. सेंट्रीफ्यूज थांबल्यावर तिने ट्यूबचा फोटो पाठवला, मागे पांढरी टाइल. वरपासून तळापर्यंत एकच रंग, तळाशी काही नाही. लॅबनेही लाल पेशी नाहीत असं कळवलं.

रक्त असेल तर

थोडक्यात: डायलायसेट डोळ्याला लाल दिसतोय आणि त्यात पेशी आहेत, तर सर्किटमधलं रक्त परत देऊ नका. अॅक्सेस क्लॅम्प करा, डायलायझर आणि लाइन टाकून द्या, गेलेल्या रक्ताचा अंदाज लिहा. फार थोडी गळती असेल तर रक्त परत द्यायचं की नाही, हे युनिटच्या लेखी नियमाप्रमाणे आणि डॉक्टरांना विचारून ठरवा.

रक्त नसेल तर पुढे काय

पहिला प्रश्न हा की डायलिसिस आत्ताच लागतंय का. पोटॅशियमसाठी असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज, सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन यांनी डॉक्टर थोडा वेळ मिळवू शकतात. मशिनाशी झगडताना हा वेळ फार मोलाचा असतो. फक्त युरिया वाढलाय आणि पेशंट स्थिर आहे, तर थांबून नव्याने विचार करता येतो.

थांबता येत नसेल तर माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो. आधी वेगळ्या प्रकारच्या सेन्सरचं मशीन बघा. तेच मॉडेल बदलून उपयोग नाही, आमच्या मुलीने तेच केलं होतं. दुसरा पर्याय सीआरआरटी, म्हणजे दिवसरात्र संथपणे चालणारं डायलिसिस. काही सीआरआरटी मशिनांमध्ये, रक्त नाही याची लॅबमधून खात्री करून घेतल्यावर, ब्लड लीक सेन्सर समोरच्या रंगीत द्रवावर नव्याने 'नॉर्मलाइझ' करायची सोय उत्पादकानेच दिलेली असते. ती मॅन्युअलमध्ये आहे का, कोणत्या अटींवर आहे, हे वाचूनच वापरा. नॉर्मलाइझ करून टाकल्यावर सेन्सरची सुरुवातीची पातळीच सरकलेली असते, हे हँडओव्हरमध्ये सांगायला विसरू नका.

तिसरा मार्ग रंग फिका करण्याचा. बी-१२चा क्लिअरन्स कमी असलेला लो-फ्लक्स (बारीक छिद्रांच्या पडद्याचा) डायलायझर, कमी ब्लड फ्लो, जास्त डायलायसेट फ्लो. यामुळे दर मिलिलिटर डायलायसेटमध्ये औषध कमी येतं. सेन्सर गप्प बसेलच याची हमी नाही, आणि ब्लड फ्लो कमी केला की पोटॅशियमही हळू निघतं. म्हणून हा मार्ग नेफ्रॉलॉजिस्टच्या सांगण्यावरूनच. पोट शाबूत असेल आणि सोय असेल तर पेरिटोनियल डायलिसिसही (पोटाच्या आतल्या पडद्यातून होणारं) आहे, त्यात असा प्रकाशाचा सेन्सर नसतोच.

सेन्सरला फसवू नका. नळीवर काळी टेप लावणं, सेन्सरसमोर पाण्याची वेगळी नळी बसवणं, सर्व्हिस मेनूतून अलार्म बंद करणं, असे जुगाड मी ऐकलेत आणि मला त्यांची मनापासून भीती वाटते. काही मशिनांवर अलार्म मोजक्या मिनिटांसाठी बाजूला ठेवायचं बटण असतं. ते नमुना घ्यायला आणि रक्त परत द्यायला आहे, चार तास दर तीन मिनिटांनी दाबायला नाही.

मशीन चालू राहिलं तरी आता त्या अलार्मवर पूर्ण विसंबता येत नाही. मी अशा सेशनला एक माणूस फक्त त्याच पेशंटपाशी ठेवतो आणि दर १५ मिनिटांनी नमुना फिरवून तळ बघतो. पहिली ट्यूब वेळ लिहून स्टँडवर ठेवा आणि प्रत्येक नवी तिच्याशेजारी धरा. औषधाचा रंग हळूहळू फिका होत जायला हवा. तो मध्येच गडद झाला तर पंप थांबवा, मग कारण शोधा.

रिपोर्टवर डोळे मिटून भरवसा नको

ज्या रंगाने सेन्सर फसतो, त्याच रंगाने लॅबचं मशीनही फसतं. रंगावर आधारलेल्या तपासण्यांमध्ये क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन खोटे वाढलेले येऊ शकतात, इतरही काही आकडे वरखाली होतात, आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी करतात ती को-ऑक्सिमेट्रीही चुकते. कोणता आकडा किती चुकेल हे लॅबच्या यंत्रावर अवलंबून असतं. म्हणून शक्य असेल तेव्हा औषध देण्याआधीच रक्ताचे नमुने काढून ठेवतात. नंतरचे नमुने पाठवताना फॉर्मवर 'हायड्रॉक्सोकोबालामिन दिलंय' असं लिहा. नुसत्या क्रिएटिनिनच्या उडीवरून डायलिसिस ठरत असेल तर लॅबला एक फोन करा. लघवी किती होतेय, पोटॅशियम किती, ईसीजी काय म्हणतो, यांना जास्त वजन द्या.

नेहमीच्या पेशंटची एक शंका

हे वाचून कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला येणाऱ्या बऱ्याच जणांना आपल्याकडे मिथाइलकोबालामिनचं इंजेक्शन देतात. तेही बी-१२च, तेही लाल. पण त्यात साधारण १.५ मिलिग्रॅम औषध असतं आणि सायनाइडवरच्या डोसमध्ये ५ ग्रॅम, म्हणजे तीन हजार पटींहून जास्त. त्या छोट्या इंजेक्शनने ड्रेन लाल होत नाही. त्यामुळे रोजच्या पेशंटला ब्लड लीक अलार्म आला तर 'त्यांना बी-१२ चालू आहे' असं म्हणून तो झटकू नका. तिथे नेहमीचाच नियम: अलार्म खरा धरा आणि तपासा.

नातेवाइकांशी बोलताना

आगीतून वाचलेला माणूस, अंग लाल, लघवी लाल, आणि आता मशिनातून जाणारं पाणीही लाल. बाहेर बसलेल्या बायकोला, भावाला वाटतं की रक्त वाहून चाललंय. त्यांना दोन वाक्यांत सांगा: हा रंग विषावर दिलेल्या औषधाचा आहे, रक्त जात नाही हे आम्ही तपासलंय, आणि पुन्हा पुन्हा तपासतोय. लघवीची पिशवी पुढचे काही आठवडे लाल दिसेल, हेही त्याच वेळी सांगून टाका.

हँडओव्हरची नोंद

त्या रात्री सीआरआरटी सुरू झाल्यावर तिने फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलेली नोंद मला वाचून दाखवली. मी ती आमच्या युनिटच्या नमुना फॉर्ममध्ये जवळजवळ तशीच घेतली आहे:

हायड्रॉक्सोकोबालामिन ५ ग्रॅम दिलेलं आहे, तारीख आणि वेळ अमुक. डायलायसेट औषधामुळे लाल. ब्लड लीक अलार्म खोटा येऊ शकतो, पण प्रत्येक अलार्मला नमुना फिरवून तळ बघायचा, स्ट्रिप एकटी पुरेशी नाही. शेवटचा नमुना ३:१० वाजता, गाळ नाही, मायक्रोस्कोपीत लाल पेशी नाहीत. सेन्सर नॉर्मलाइझ केलेला आहे. अलार्म बंद केलेला नाही, करू नये. क्रिएटिनिन आणि बिलिरुबिनच्या रिपोर्टबद्दल लॅबशी बोलणं झालंय. पुढचा नमुना ३:२५.